‘मी आहे ना’ : सगळं एकटीने निभावणाऱ्या एका बाईचं प्रकरण

माझ्याकडे समुपदेशनाच्या पहिल्या भेटीआधी भरायच्या अर्जात ‘कशासाठी आलात?’ या प्रश्नापुढे तिने एवढंच लिहिलं होतं : ‘चुकीची माणसं निवडते. असं का होतं ते समजून घ्यायचंय.’ वय 38. एका मोठ्या कंपनीत पुरवठा विभागाची प्रमुख. स्वतःचं घर, त्याचं कर्ज जवळपास फिटलेलं. लग्न झालेलं नाही. करायचंच नाही असंही नाही. डेटिंग ॲपवर झालेल्या ओळखींपैकी तीन जरा लांबल्या. दोन संपल्या होत्या, तिसरी संपवावी की काय, या विचारात ती होती.

हे प्रकरण कुणा एकीचं नाही, हे आधीच सांगते. समुपदेशनात पुन्हा पुन्हा समोर येणारी परिस्थिती एका बाईच्या रूपात मांडली आहे.

पहिल्याच तासात ती म्हणाली, ‘‘मला कुणी येऊन वाचवावं वगैरे अजिबात वाटत नाही. तसल्या बायकांतली मी नाही.’’ मी असं काही विचारलंच नव्हतं. न विचारता आलेलं उत्तर मी नेहमी टिपून ठेवते, कारण तो प्रश्न त्या माणसाला दुसऱ्या कुणीतरी, बहुधा त्याने स्वतःच, आधी विचारलेला असतो.

घरातली वाटणी

ती 15 वर्षांची असताना वडिलांचं दुखणं सुरू झालं आणि ते बरीच वर्षं चाललं. आई खचली. भाऊ लहान. बँक, दवाखाना, औषधांच्या वेळा, भावाची फी हे सगळं हळूहळू हिच्याकडे आलं. कुणी सोपवलं नाही. तिने उचललं आणि कुणी परत मागितलं नाही. येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर आई कौतुकाने म्हणायची, ‘‘हिच्यामुळे मला काही बघावंच लागत नाही.’’

त्या घरात तिला माया मिळाली, भरपूर मिळाली. पण ती काही न मागण्याबद्दल मिळाली. ॲटॅचमेंटचा, म्हणजे मूल आणि त्याला सांभाळणारी माणसं यांच्यातल्या भावनिक बंधाचा, सिद्धांत मांडणारे ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी अशा घडणीचं वर्णन ‘सक्तीचं स्वावलंबन’ असं केलं आहे. लहानपणी आधार मागून हाती काही लागलं नाही, किंवा मागायची सोयच नव्हती, तर मूल मागणं बंद करतं. गरज मात्र आत तशीच राहते. पुढे जग अशा मुलीला कर्तबगार म्हणतं. ती कर्तबगार असतेच, त्यात खोटं काही नाही. फक्त त्या कौतुकाच्या बदल्यात ‘मला जमत नाहीये’ म्हणायची मुभा तिच्याकडून काढून घेतली गेलेली असते.

दुसरा माणूस

पहिल्या ओळखीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. त्याच्या अडचणी बऱ्याच होत्या, त्या सोडवण्यात तिचं वर्ष गेलं, आणि अडचणी सुटल्यावर तोही गेला.

दुसऱ्याकडे नीट बघायला हवं. पहिल्या संध्याकाळी भेटायची जागा त्याने ठरवली. दिलेलं टेबल आवडलं नाही म्हणून बदलून घेतलं. मध्येच तिला ऑफिसचा फोन आला, तेव्हा त्याने तो तिच्या हातातून काढून घेतला, टेबलावर पालथा ठेवला आणि म्हणाला, ‘‘दोन तास काय व्हायचं ते होऊ दे. मी आहे ना.’’ खांदे एकदम सैल पडल्याचं तिला जाणवलं. घरी जाऊन ती रडली. कित्येक दिवसांनी, आणि बरं वाटून.

तो दिलासा खरा होता. नंतर जे घडलं त्यामुळे त्याला भ्रम ठरवायची घाई करू नये असं मला वाटतं. तिच्या शरीराने तिला एक खरी गोष्ट सांगितली होती : तू फार दमली आहेस. गडबड झाली ती पुढच्या पायरीवर. दमणं थांबल्यासारखं वाटलं, म्हणून ज्याच्यामुळे तसं वाटलं तो माणूस विश्वासाचा, असं तिने धरून टाकलं.

ॲपवरच्या भेटींमध्ये हे आणखी सोपं होतं. तिथे एका संध्याकाळीत माणूस जोखायचा असतो. ठामपणा एका संध्याकाळीत दिसतो, भरवसा दिसत नाही. दिलेला शब्द पाळला का, चूक झाल्यावर काय केलं, समोरचा ‘नाही’ म्हणाला तेव्हा चेहरा कसा झाला, हे कळायला महिने लागतात. त्यामुळे दमलेल्या माणसासमोर पहिल्या फेरीत उजवा ठरतो तो झटपट सूत्रं हातात घेणारा.

महिन्याभरात तिच्या गाडीच्या विम्याचं त्याने पाहिलं. मग गुंतवणुकीचं : ‘‘कशाला डोकं शिणवतेस? मला दे, मी बघतो.’’ पासवर्ड त्याच्याकडे गेले. दिवसभर कोट्यवधींच्या खरेदीवर सह्या करणाऱ्या बाईने आपल्या बचतीचे पासवर्ड एका माणसाला देऊन टाकले, आणि देताना तिला हायसं वाटलं. पुढे तिला वरच्या पदासाठी विचारणा झाली, तेव्हा तो म्हणाला, ‘‘झेपणार आहे का तुला? आत्ताच किती दमतेस.’’ विश्वासाने सांगितलेली दमणूक आता तिच्याच विरोधात वापरली जात होती. ती उत्तर द्यायला रेंगाळली आणि पद दुसऱ्याला गेलं. खात्याचा तपशील मागितला की ‘‘माझ्यावर विश्वास नाही का?’’ असं यायचं. न विचारता त्याने तिची एक ठेव मोडली आणि ओळखीच्या माणसाच्या धंद्यात घातली, हे आठव्या महिन्यात कळलं, तेव्हा ते संपलं. पैसे बरेचसे परत मिळाले, वकिलामार्फत.

अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ स्टीफन कार्पमन यांनी 1968 मध्ये नात्यांतल्या एका त्रिकोणाची मांडणी केली : पीडित, तारणहार आणि छळणारा. माणसं या तीन जागांवर फिरत राहतात, हा त्यातला महत्त्वाचा भाग. तारणहाराचं मोठेपण समोरचा असहाय असण्यावर टिकतं. समोरचा उभा राहू लागला की तारणहाराला ते सोसत नाही आणि तोच दाबू लागतो. इथे नेमकं तेच घडलं. तिला बढती मिळू पाहत होती तेव्हाच तिच्या दमण्याची काळजी वाढली.

मदत आणि ताबा वेगळे कसे ओळखायचे, हे तिने मला कळकळीने विचारलं. आम्ही एक कसोटी ठरवली, आणि ती मी आता इतरांनाही सांगते : त्याने मदत केल्यावर आपल्याच व्यवहाराबद्दल आपल्याला जास्त कळू लागलं की कमी? विमा त्याने भरला, पण पॉलिसी कुठे आहे, मुदत कधी संपते हे आपल्याला माहीत असेल, तर ती मदत. विचारायची चोरी झाली असेल, तर दुसरं काहीतरी चाललंय.

नातं तुटल्यावर मैत्रिणी म्हणाल्या, ‘‘तुझ्यासारखी बाई फसली कशी?’’ या प्रश्नाने फार नुकसान केलं. फसणं हे तिच्या हुशारीचं अपयश ठरलं आणि तिने त्यातून धडा घेतला तो असा, की यापुढे कुणाकडून काहीच घ्यायचं नाही. ॲपवर तिने ओळ बदलली : ‘मला कुणाची गरज नाही. सोबत आवडेल.’

फुटलेला पाइप

तिसरा माणूस या ओळीनंतर आला. शांत, वेळेवर फोन करणारा, प्रत्येक गोष्ट विचारून करणारा. तिची तक्रार होती की त्याच्यात दम नाही. ‘‘कुठे जायचं, काय बघायचं, किती वाजता, सगळं मलाच विचारतो. दिवसभर मी तेच करते. संध्याकाळीही मीच ठरवायचं?’’

ही तक्रार मी हसण्यावारी नेली नाही. प्रत्येक निर्णय आदराने समोरच्याच्या पुढ्यात ठेवणारा माणूस चांगला असतो, पण ओझं तसूभर हलवत नाही. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ ॲलिसन डेमिंजर यांनी 2019 मध्ये घरकामामागच्या डोक्याच्या कामाचे चार भाग दाखवले : गरज आधीच ओळखणं, पर्याय शोधणं, निर्णय घेणं आणि पुढे लक्ष ठेवणं. त्यांनी मुलाखती घेतलेल्या जोडप्यांमध्ये पहिला आणि शेवटचा भाग जास्त करून बायकांच्या वाट्याला आलेला होता. एकट्या राहणाऱ्या बाईकडे तर चारही भाग असतात, आणि ‘तुला काय हवंय?’ या प्रश्नाने त्यातला एकही कमी होत नाही.

पण त्याच सुमारास एक रात्र येऊन गेली होती, आणि त्या रात्रीबद्दल ती माझ्याकडच्या तिसऱ्या भेटीत सहज जाता जाता बोलली. रात्री साडेअकराला सिंकखालचा पाइप फुटला. तिने मुख्य नळ बंद केला, घरातले सगळे टॉवेल खाली अंथरले, गुडघ्यांवर बसून दोनपर्यंत पाणी पुसलं, सकाळी प्लंबरला बोलावलं आणि साडेनऊच्या मीटिंगला हजर झाली. तिसरा माणूस तिच्या घरापासून पंधरा मिनिटांवर राहतो. त्याला तिने हे चार दिवसांनी सांगितलं, तेही गमतीची गोष्ट सांगावी तसं. तो हसला. तो हसला याचा राग तिच्या मनात पुढे कितीतरी दिवस होता.

‘‘त्याला कळायला हवं होतं,’’ ती म्हणाली.

‘‘त्याच्याकडे कळण्यासारखं काय काय होतं?’’ मी विचारलं. ती मोजायला लागली आणि थांबली. रात्री फोन नाही, सकाळी मेसेज नाही, सांगितलं तेव्हा स्वतःच हसत सांगितलेलं. त्याला काय कळणार होतं?

तिचं चित्र

त्यानंतर मी तिला विचारलं की डोळे मिटून सुटकेचं चित्र पाहिलं तर त्यात काय दिसतं. ती आधी टाळत राहिली, लाजली. मग म्हणाली, ‘‘मी घरी येते, आणि कुणीतरी म्हणतं, ‘ते झालं.’ काय झालं ते महत्त्वाचं नाही. कसलं तरी बिल, कुठलं तरी काम. मी न सांगता कुणाच्या तरी लक्षात आलेलं असतं आणि ते झालेलं असतं. बस, एवढंच.’’

त्या चित्रात श्रीमंत माणूस नाही, दागिने नाहीत, नोकरी सोडून बसणंही नाही. माणसाला चेहरासुद्धा नाही. स्वावलंबी बाईच्या मनातल्या सुटकेच्या स्वप्नाला ‘सिंड्रेला कॉम्प्लेक्स’ म्हणायची पद्धत आहे. कोलेट डाउलिंग या अमेरिकी लेखिकेने ही संज्ञा 1981 मध्ये रूढ केली. बायकांना आतून स्वातंत्र्याची भीती वाटते, असा तिचा रोख आहे. मान्यताप्राप्त मानसिक निदानांच्या यादीत या संज्ञेला जागा नाही, आणि या प्रकरणाला ती लागूही पडत नाही. ही बाई स्वातंत्र्याला घाबरलेली नव्हती. तिला पहारा कधीतरी दुसऱ्याच्या हवाली करून झोपायचं होतं. वर्षानुवर्षं एकटीने जागणाऱ्या माणसाला जे वाटेल, तेच तिला वाटत होतं.

मात्र स्वप्न निरुपद्रवी असतं असंही मी म्हणणार नाही. लॉरी रडमन आणि जेसिका हेपन या संशोधकांनी 2003 मध्ये अमेरिकेतल्या विद्यार्थिनींवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. प्रियकर आणि पराक्रमी रक्षक यांची सांगड ज्यांच्या मनात नकळत घट्ट बसलेली होती, त्यांची स्वतःच्या कमाईची, शिक्षणाची आणि अधिकाराची अपेक्षा कमी आढळली. उघडपणे विचारलं तेव्हा त्या काय म्हणाल्या, याचा त्याच्याशी तसा संबंध दिसला नाही. एकामुळे दुसरं घडतं, असं या अभ्यासावरून सिद्ध होत नाही. पण ‘तसल्या बायकांतली मी नाही’ हे वाक्य मनापासून म्हणणारी बाई पासवर्ड देऊन कशी बसते, हे समजायला तो उपयोगी पडतो. नाकारलेलं स्वप्न तपासलं जात नाही. आणि तपासलं नाही की ते परस्पर माणसं निवडायला लागतं.

लहान मागणी केलीच नाही, तर ती नाहीशी होत नाही, साठत जाते, असं मला या प्रकरणात ठळक दिसलं. टॉवेल पिळायला ये, हे म्हणता येत नाही. मीटिंगला उशीर होतोय, प्लंबर येईपर्यंत थांबशील का, हेही नाही. अशा शेकडो न केलेल्या मागण्यांची मिळून एकच प्रचंड मागणी होते : कुणीतरी न सांगता ओळखावं आणि सगळंच घ्यावं. ही मागणी भला माणूस पुरी करू शकत नाही, कारण तो विचारतो. ती पुरी करतोय असं भासवतो तो न विचारता घेणारा.

गुंगीचं औषध

काम पुढे सरकलं ते माझ्या कुठल्या युक्तीने नाही, इस्पितळाच्या नियमामुळे. तिला एंडोस्कोपी सांगितली होती. गुंगीचं औषध दिलं जाणार, त्यामुळे घरी न्यायला सोबत प्रौढ माणूस हवा. 24 तास गाडी चालवायची नाही, महत्त्वाच्या कागदांवर सही करायची नाही. टॅक्सीने गेले तर चालेल का, असं तिने विचारलं. चालणार नव्हतं. गुंगीशिवाय करता येईल का, हेही विचारून झालं. तारीख दोनदा पुढे ढकलली. भाऊ परगावी, ऑफिसातल्या कुणाला सांगणं शक्य नाही. राहिला तिसरा माणूस.

त्याला पाठवायचा मेसेज ती लिहून घेऊन आली. ‘गुरुवारी तुला वेळ आहे का? नसला तरी हरकत नाही. एक छोटंसं काम होतं. म्हणजे मी दुसरीकडेही बघू शकते. तू बिझी असशील तर राहू दे.’ आम्ही दोघींनी तो शांतपणे वाचला. पाच वाक्यं, त्यातली तीन त्याला सटकायला वाट करून देणारी, आणि काम काय ते कुठेच नाही. असा मेसेज मिळाल्यावर त्याने ‘अगं, गुरुवारी जरा गडबड आहे’ असं लिहिलं असतं तर ती पुन्हा म्हणाली असती, बघा, कुणी येत नाही.

तासभर बसून तिने नवा लिहिला : ‘गुरुवारी सकाळी 8 ते 1 माझी एंडोस्कोपी आहे. सोबत कुणीतरी लागतं. तू यावंस असं मला वाटतं. येशील?’ तिसरं वाक्य तिने तीनदा खोडलं. ‘‘हे नको ना. नुसतं ‘येशील का’ पुरे आहे.’’ माहिती देणं तिला सोपं होतं. मला वाटतं, असं म्हणणं अवघड होतं, कारण त्यानंतर नकार आला तर तो कामाला नसतो, आपल्याला असतो. शेवटी वाक्य राहिलं. त्याचं उत्तर दोन मिनिटांत आलं : ‘येतो. कुठे यायचं?’

त्या दिवशी तो दहा मिनिटं उशिरा पोचला. तिची फाइल गाडीतच विसरला आणि परत धावला. मी स्वतः केलं असतं तर हे झालं नसतं, असं तिला वाटलं, आणि ते खरंच होतं. दुसऱ्याकडे काम सोपवायचं म्हणजे ते आपल्यापेक्षा थोडं वाईट होईल हे सोसायचं. याची सवय नसलेला माणूस पहिल्याच चुकीला काम परत ओढून घेतो. तिने ओढलं नाही. गुंगीचं औषध दिलेलं असल्यामुळे तिला ते शक्यही नव्हतं.

नंतर डॉक्टर येऊन तिच्याशी बोलले. तिने व्यवस्थित प्रश्नही विचारले, असं त्याने तिला नंतर सांगितलं. तिला मात्र त्यातलं काहीच आठवत नव्हतं, कारण त्या औषधांनी अर्धवट जागेपणीचं बोलणं बऱ्याचदा लक्षात राहत नाही. सोबतच्या माणसाला सूचना द्यायच्या त्या यासाठीच. त्याने सगळं पाकिटाच्या मागे लिहून घेतलं होतं : कोणती गोळी बंद, कोणती किती दिवस, तपासणीचा निकाल कधी. ही गोष्ट तिला एकटीला कितीही हुशार असून करता येण्यासारखी नव्हती. पुढच्या भेटीत ती पाकिटाबद्दलच बोलत राहिली.

मानसशास्त्रज्ञ ब्रुक फीनी यांचं 2007 मधलं संशोधन मला इथे आठवतं. ज्या जोडप्यांत एकाचं अवलंबून असणं दुसऱ्याने सहजपणे स्वीकारलं, तिथे ती व्यक्ती सहा महिन्यांनी कमी नव्हे, जास्त स्वतंत्र झालेली आढळली. आधार मिळेल याची खात्री असली की माणूस दूरवर जायला धजतो. आधार घेतला की लत लागते, ही भीती तिच्या मनात खोल होती आणि आपल्या सगळ्यांच्याच बोलण्यातून ती पोसली जाते. मला ती भीती फार अन्यायाची वाटते.

पुढे काय झालं

त्या दोघांचं पुढे जुळलं का, हे सगळेच विचारतात. नाही जुळलं. मूल हवं की नको, हा प्रश्न तिने एवढे महिने त्याला विचारलाच नव्हता. तेही त्यानेच ओळखावं अशी तिची वाट पाहणं चालू होतं. एंडोस्कोपीनंतर दोन महिन्यांनी तिने तो सरळ विचारला. तिला हवं होतं, त्याला नको होतं. दोघंही आपल्या म्हणण्यावर ठाम होते. काही आठवडे रडण्यात गेले. पण ‘मी चुकीची माणसं निवडते’ हे वाक्य या वेळी तिच्या तोंडी आलं नाही. माणूस चुकीचा नव्हता, दोघांची गरज वेगळी होती, आणि हे तिला आठ महिने वाया घालवून नव्हे, विचारून कळलं.

वरच्या पदासाठी तिने पुन्हा अर्ज केला आहे. गुंतवणुकीची माहिती आता भावालाही आहे. त्याला सगळं दिसतं, व्यवहार मात्र तिच्या सहीशिवाय होत नाही. ॲपवरची ती ओळ तिने काढून टाकली आणि तिथे दुसरी काही घातलेली नाही.

काही गोष्टी अजून तशाच आहेत. कुणी मदतीला पुढे आलं की तिचं पहिलं उत्तर अजूनही ‘नको, मी करते’ असंच असतं. फरक एवढाच, की कधीकधी मिनिटभराने ती पुन्हा फोन करते. ठाम, झटपट ठरवणारा माणूस भेटला की तिचे खांदे अजूनही सैल पडतात, आणि ते पडू नयेत असा आमचा प्रयत्नही नाही. अशा वेळी निदान तीन महिने पैसे, पासवर्ड आणि नोकरी यांबद्दलचा कुठलाही निर्णय त्याच्या सांगण्यावरून घ्यायचा नाही, एवढं तिने स्वतः ठरवलं आहे.

सध्या आईबद्दल बोलणं चालू आहे. आईला ती आजही रोज संध्याकाळी फोन करते, औषधं घेतली का विचारते आणि स्वतःचं ‘सगळं छान’ म्हणून ठेवते. एंडोस्कोपी झाल्याचं तिने आईला अजून सांगितलेलं नाही.